दुसऱ्याचा बाप

आमच्या उचगावातल्या तालमीचा गणपती बसला, की सातव्या दिवशी संध्याकाळी मांडवात नाटक असतं. गल्लीतल्याच पोरांनी ते लिहायचं, त्यांनीच करायचं आणि मी ते बसवायचं, असं ठरून गेलं आहे. सराव कुस्तीच्या तांबड्या मातीच्या हौद्याशेजारी चालतो. जागा कमी पडली की नट हौद्यात उतरतात. त्यामुळं आमच्या नाटकातला राजा असो की भिकारी, घरी जाताना सगळ्यांचे पाय सारखेच तांबडे असतात.

यंदाचं नाटक सोहेलनं लिहिलं होतं. सोहेल म्हणजे गैबी मिस्त्रींचा मुलगा. हायवेच्या वळणावर मिस्त्रींचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या, डिझेल इंजिनं, जे जे मोठं आणि तेलकट असेल ते तिथं येतं. सगळं आयुष्य चालू इंजिनाशेजारी उभं राहून बोलण्यात गेल्यामुळं मिस्त्रींना हळू बोलता येत नाही. ते घरात पाणी मागतात तेव्हा शेजारच्या घरातली सूनसुद्धा माठाकडं जाते.

सोहेल अगदी उलट. शाळेत त्याची हजेरी मला ओठांवरून वाचून घ्यावी लागे. पुढं त्यानं आयटीआय केलं आणि बापाच्या हाताखाली उभा राहिला. तेव्हापासून दोघं दिवसभर एकाच इंजिनावर वाकलेले असतात, पण त्यांचं बोलणं म्हणजे पान्यांचे नंबर. बाप म्हणतो, "चौदा-पंधरा." मुलगा पाना देतो. बाप म्हणतो, "सतरा." मुलगा पाना देतो. एखाद्या दिवशी हातोडी लागली तर गप्पा रंगल्या म्हणायच्या.

तर असा हा सोहेल नाटक घेऊन माझ्याकडं आला. मी वाचलं. दौलतराव नावाचा एक गिरणीवाला आहे. त्याच्या मुलाला मुंबईला नोकरीला जायचं आहे. दौलतराव पहिल्या प्रवेशापासून ओरडतो. ताटातला पहिला घास तोंडात जायच्या आधी 'मीठ कमी हाय' म्हणतो. खोलीत चार माणसं बसलेली असली तरी स्वतः उठून जाताना पंखा बंद करून जातो. मुलानं पिठाच्या पोत्याचं तोंड बांधलं की ते सोडून परत स्वतः बांधतो. आणि शेवटी, कुणाला काही अपेक्षा नसताना, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, "जा बाळ. तुझी वाट तुला सापडो." पडदा.

मी विचारलं, "ह्या दौलतरावाला गिरणी कशाला दिलीस?"

"अब्बांना कळू नये म्हणून."

"मग लिहिलंस कशाला?"

"कळावं म्हणून."

हळूहळू विचारत गेल्यावर सगळं बाहेर आलं. वारणानगरला एका वर्कशॉपमध्ये त्याला नोकरी लागली होती. गणपती गेल्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. ही गोष्ट त्याच्या आईला, रोशनबीला माहीत होती. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडं दिलेल्या थोरल्या बहिणीला, सबिनाला माहीत होती. आता मलाही कळली. माहीत नव्हती ती फक्त गैबी मिस्त्रींना.

"त्यांना कधी सांगणार?"

"नाटकात सांगतोय की, गुरुजी. दरवर्षी पहिल्या रांगेत बसत्यात. दौलतरावाला बघतील. शेवट बघतील. घरात जाऊन इचार करतील. मग मी हळूच सांगीन."

बेत ऐकायला बरा होता. पण मिस्त्रींना सूचकपणे काही सांगायचं म्हणजे चिखलात रुतलेला ट्रॅक्टर मोरपिसानं ढकलायचा. तरी मी काही बोललो नाही. मूल आपल्या पद्धतीनं गणित सोडवत असलं की मध्ये हात घालायचा नाही, ही माझी जुनी सवय.

दौलतरावाचं काम पिराजीकडं होतं. पिराजी गल्लीत दूध घालतो आणि दरवर्षी नाटकात बाप होतो, कारण मिशा त्याच्याच आहेत. मुलाचं काम धैर्यशीलकडं. हा धैर्यशील गणपतरावांचा मुलगा, आणि गणपतरावांची तालमीसमोर खरोखरची पिठाची गिरणी आहे. हे माझ्या आधीच ध्यानात यायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मांडवाचा जनरेटर बंद पडला. मिस्त्री आले, जनरेटरला दोन शिव्या आणि एक नवा पट्टा घालून तो चालू केला आणि हात पुसत तालमीच्या दारात उभे राहिले. आत पिराजी मुलावर रागवत होता.

"ह्यो काय राग हाय?" मिस्त्री दारातूनच म्हणाले. "म्हस हाकतोय वाटतंय."

पिराजी थांबला. "मिस्त्री, आमी सराव करालोय."

"करा की. पर बाप असा रागवत न्हाई, पिराजी. आधी नुस्तं बघायचं. काय बोलायचं न्हाई. पोरगं निम्मं तितंच गार हुतंय. मग बोलायचं."

"बरं."

"आनि हात कशाला हलवालाईस? वाऱ्यावर गहू पाखडालाईस व्हय?"

"बरं, मिस्त्री."

"आनि आवाज..."

पिराजीनं खांद्यावरचा पंचा काढला आणि मिस्त्रींच्या हातात दिला. "मग तुमीच करा की."

त्याला वाटलं, मिस्त्री ओशाळतील. मिस्त्रींनी पंचा झटकला, नीट घडी घातली, आपल्या खांद्यावर टाकला आणि धैर्यशीलकडं नुसतं बघितलं. धैर्यशील एक पाऊल मागं सरला. मिस्त्री आणखी बघत राहिले. धैर्यशील आणखी एक पाऊल सरला आणि हौद्यात पडला.

"असं," मिस्त्री म्हणाले.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पिराजीही वाजवायला लागला. माणूस मनानं मोकळा आहे. फक्त सोहेल भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा वात विझलेल्या कंदिलासारखा झाला होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "गुरुजी, ह्ये थांबवा."

"का रे? ह्याहून चांगला दौलतराव कुठं मिळणार?"

"तेच तर म्हनतोय."

पण ते आता माझ्या हातात राहिलं नव्हतं. मिस्त्रींना काम आवडलं होतं.

त्यांना वाचायचा कंटाळा. म्हणून वाक्यं पाठ करून घ्यायचं काम लेखकावरच आलं. दुसऱ्या दिवशी सायकलीवरून जाताना मला गॅरेजमधून ऐकू आलं, "चौदा-पंधरा दे. पुढं काय म्हनतोय दौलतराव?" मग सोहेलचा आवाज, "म्हणतोय, तुला काय अक्कल हाय का?" मग मिस्त्रींचा, हायवेच्या पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत, "तुला काय अक्कल हाय का?" टपरीवाला दचकून बाहेर आला आणि परत आत गेला.

वाक्यं पाठ झाली तशी मिस्त्री त्यात स्वतःचीही भर घालू लागले. घरात शिरण्यापूर्वी दौलतराव मोठ्यानं खाकरतो, म्हणजे आतलं बोलणं आपोआप थांबतं, हे त्यांचं. मुलगा काही सांगायला लागला की दौलतराव नेमका तेव्हाच कानात काडी घालतो, हेही त्यांचं. एकेका गोष्टीवर पोरं पोट धरून हसत. मी एकदा विचारलं, "मिस्त्री, हे कुठनं काढता?"

त्यांनी दाराकडं बघून घेतलं आणि त्यांच्या मतानं हळू आवाजात म्हणाले, "गणपतरावांचं हाय सगळं. समोरच ऱ्हात्यात, दिसतंय की. सोहेलनं त्यांच्यावरच लिवलंय, मी वळीकलं. गिरणी घातली आनि फसला. पर गुरुजी, जरा सांभाळून घ्या. गणपतराव मानूस वाईट न्हाई. चारचौघांत आपला बाप असा दाखवला, तर धैर्यशीललाबी कसं वाटंल?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

त्याच संध्याकाळी गणपतराव दळण थांबवून, पिठानं पांढरे झालेले, माझ्याकडं आले.

"गुरुजी, नाटक ऐकलं मी. आमच्या खिडकीतनं सगळं ऐकू येतंय."

मला वाटलं, आता भांडण. मी खुर्ची पुढं केली.

"गिरणी बघून लोकांना पयलं वाटंल, मीच," गणपतराव म्हणाले. "पर दोन मिंटात कळंल. ह्यो सरळ सरळ गैबी हाय. आनि त्यालाच करायला लावलंय? पोरानं बापाचं असं करावं? त्याला कळलं तर काय वाटंल, सांगा. जरा सांभाळून घ्या."

बोलत बोलत ते उठले आणि जाता जाता माझ्या डोक्यावरचा पंखा बंद करून गेले.

पाचव्या दिवशी आम्ही शेवटच्या प्रवेशावर आलो आणि तिथं गाडी अडली.

धैर्यशील पिशवी घेऊन उभा राहिला. मिस्त्री त्याच्यासमोर. मी पुस्तकातून वाक्य पुरवलं, "जा बाळ. तुझी वाट तुला सापडो."

मिस्त्रींनी पंचा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला.

मी परत वाचलं.

"ऐकलं मी," मिस्त्री म्हणाले. "ह्ये दौलतराव म्हननार न्हाई."

"तसं लिहिलंय."

"लिवलं असंल. तेवीस वर्साच्या घोड्याला 'बाळ'? आनि 'सापडो' म्हंजे? हरवलीया व्हय वाट? एसटी जातीया सरळ."

पोरं हसली. कोपऱ्यातून सोहेलचा आवाज आला, "दौलतराव म्हणतोय."

सगळे वळले. मिस्त्रीही वळले. सोहेलनं एवढ्या लोकांत तोंड उघडलेलं कुणी बघितलं नव्हतं.

"कशावरनं?" मिस्त्रींनी विचारलं.

"मी लिवलाय त्याला."

"आनि मी करालोय त्याला. मला म्हाईत हाय त्यो आतनं कसा हाय. पोरगं चाललंय मुंबईला, गिरनी पडली ओस, आनि ह्यो डोक्यावर हात ठेवतोय? उलट पोरगं परत आलं पायजे. पाया पडलं पायजे. 'बा, चुकलं माझं.' टाळ्या. पडदा."

"न्हाई पडणार पाया," सोहेल म्हणाला.

"का?"

"चुकलं न्हाई त्याचं."

मिस्त्री हौद्याच्या काठावर बसले. सोहेल समोर उभा राहिला. मी पोरांना खुणेनं चहाला पाठवलं. धैर्यशील जात नव्हता, त्याला पिराजीनं ओढून नेलं.

"बरं," मिस्त्री म्हणाले, "मला समजावून सांग. त्या पोराला जायचंच का हाय? खायला मिळतंय. मालकाचं पोरगं हाय. उद्या गिरनी त्याचीच. तितं जाऊन दुसऱ्याच्या हाताखाली राबनार. त्यात काय सुख?"

सोहेलनं पायानं तांबडी माती सारखी केली. "तितं त्यानं पोतं बांधलं तर परत कोन सोडणार न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे त्यानं काम केलं, की ते झालं. हितं त्याचं काम कधी होतच न्हाई. सहा वर्सं झाली, त्यानं एकबी पोतं बांधलेलं न्हाई. सगळी दौलतरावानंच बांधलीत."

मिस्त्रींनी पंच्यानं मान पुसली. "दौलतराव काय मुद्दाम करत न्हाई ते."

"मग कशाला करतोय?"

"पोतं सुटलं आनि पीठ सांडलं, तर लोक पोराला नावं ठेवतील. बापानं बांधलं आनि सांडलं, तर बापाला. म्हनून बांधतोय." त्यांनी सोहेलकडं वर बघितलं. "ह्ये का लिवलं न्हाईस तू? येवढं ओरडनं लिवलंस, आनि ह्ये एक वाक्य न्हाई?"

"मला म्हाईत नव्हतं."

"इचारायचं हुतंस की."

"कुणाला?"

"दौलतरावाला," मिस्त्री म्हणाले. ते उठून कपडे झटकू लागले. "आनि ते 'बाळ' काढ आधी."

त्या बाप-लेकांचं इतकं मोठं बोलणं मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि ते सगळं एका न जन्मलेल्या गिरणीवाल्याविषयी झालं. सोहेलनं त्या रात्री नाटकात एक वाक्य वाढवलं: 'सांडलं तर मला बोलतील, तुला न्हाई.' पण शेवट त्यानं बदलला नाही. 'बाळ'सुद्धा ठेवलं. बाप अडून बसला होता आणि मुलगाही. मिस्त्री मला म्हणत होते, "ऐन वेळी काय बोलायचं ते माझं मी बघतो." सोहेल म्हणत होता, "अब्बांनी ते वाक्य म्हटलं न्हाई, तर माझं काय खरं न्हाई, गुरुजी. नाटकातल्या पोराला जे जा म्हणत न्हाईत, ते मला काय म्हणणार?"

सातव्या दिवशी मांडव गच्च भरला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, आणि पोरं स्टेजला चिकटून. पहिल्या रांगेत गणपतराव इस्त्रीच्या शर्टात बसले होते. बायकांत रोशनबी आणि सबिना. सबिनाची मुलगी जोया अगदी पुढं, मांडी घालून, हातात फुटाण्याचा पुडा. जोया यंदाच पहिलीत गेली आहे. मी एका बाजूच्या पडद्याआड पुस्तक धरून उभा होतो, माझ्या शेजारी सोहेल.

मिस्त्री खाकरत आले आणि मांडव खरोखर शांत झाला. मग ते ताटावर बसले, घास उचलला आणि तो वाटेत असतानाच म्हणाले, "मीठ कमी हाय." बायकांच्या बाजूनं असा हशा आला की कनात हलली. रोशनबीनं ओढणी तोंडात कोंबली होती. गणपतराव मांडीवर थापा मारून शेजाऱ्याला सांगत होते, "गैबी, डिट्टो गैबी." आणि स्टेजवरून मिस्त्री अधूनमधून गणपतरावांकडं काळजीनं बघत होते, बिचाऱ्याला लागलं तर नाही ना म्हणून.

पंखा बंद झाला, हशा. पोतं सुटलं आणि परत बांधलं गेलं, हशा. धैर्यशील काही सांगायला लागला आणि मिस्त्रींनी कानात काडी घातली. तो हशा ओसरत होता तेवढ्यात जोया उठून उभी राहिली. तिचा आवाज आजोबांवर गेला आहे.

"नाना," ती म्हणाली, "ह्ये तर रोजचंच हाय की. नाटक कवा सुरू करनार?"

मांडव कोसळतो की काय असं वाटलं. माणसं खुर्चीवरून खाली आली. सबिनानं जोयाला खाली ओढली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मिस्त्री काडी हातात धरून उभे होते. त्यांनी जोयाकडं बघितलं. मग बायकांत रोशनबीकडं. रोशनबीनं ओढणी डोळ्यांपर्यंत वर घेतली. मग त्यांनी गणपतरावांकडं बघितलं. गणपतराव हसून हसून डोळे पुसत त्यांच्याकडंच बोट दाखवत होते. मिस्त्रींनी हातातल्या काडीकडं बघितलं आणि ती सावकाश खिशात टाकली.

सोहेलनं माझा दंड धरला.

धैर्यशील हुशार पोरगं. काहीतरी बिनसलंय एवढं ओळखून त्यानं मधली पानं गाळली आणि थेट पिशवी उचलली. "बा, मी निघालो."

आता ते वाक्य. मी पडद्याआडून म्हणालो, "जा बाळ."

मिस्त्रींचा हात खिशातल्या काडीवर होता.

"जा बाळ," मी जरा मोठ्यानं म्हणालो. "तुझी वाट..."

"गुरुजी, थांबा जरा," मिस्त्री म्हणाले. मांडवात सगळ्यांनी ऐकलं. "कुठं निघालाईस?"

"मुंबईला," धैर्यशील म्हणाला.

"तुला न्हाई इचारलं." ते पडद्याकडं वळले. "लेखक, हिकडं ये."

सोहेल हलेना. मी त्याला हलकेच पुढं ढकललं. तो स्टेजवर आला, पायात स्लिपर, अंगात ग्रीसचा डाग पडलेला शर्ट. लोकांना वाटलं, हे नाटकातच आहे.

"कुठं निघालाईस?"

"वारणानगर."

"कशाला?"

"वर्कशॉपला. नोकरी लागलीया."

"कवापास्नं?"

"सोमवारपास्नं."

"कुणाला म्हाईत हाय?"

सोहेलनं बायकांच्या बाजूला बघितलं. "अम्मीला. आपाला. गुरुजींना."

"म्हंजे समद्या गल्लीला." लोक हसले. मिस्त्री हसले नाहीत. "खोली?"

"मिळालीया. कॉलनीत."

"पानी?"

"नळ हाय."

"जेवन?"

"मेस."

"मीठ कमी असंल तितं."

"व्हय, अब्बा."

मिस्त्रींनी सोहेलकडं बघितलं. तसंच बघितलं, पिराजीला शिकवलं होतं तसं. पण सोहेल मागं सरला नाही. मागं सरायला स्टेजवर जागा होती, तरी सरला नाही. मागच्या बाजूला कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं आणि गप्प झालं.

"ह्यो तुझा शेवट मला पसंत न्हाई," मिस्त्री म्हणाले.

सोहेलनं शर्टावरचा ग्रीसचा डाग मुठीत धरला.

"पर लिवलाईस तू. मी कोन खोडनार?" त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, बघितला आणि परत टाकला. "जा."

मी पुस्तकात बोट ठेवून वाट बघत राहिलो.

"'बाळ' म्हननार न्हाई," मिस्त्री मला उद्देशून म्हणाले. "वडा पडदा."

मी दोरी ओढली. टाळ्या इतक्या झाल्या की समोरच्या गिरणीवरची कबुतरं उडाली. पडद्याआड मिस्त्री पोत्यावर बसून घटाघटा पाणी पीत होते आणि सोहेल त्यांच्यासमोर, आता काय करावं हे न कळून, रिकामा तांब्या घेण्यासाठी हात पुढं करून उभा होता.

तेवढ्यात गणपतराव आत आले. त्यांनी मिस्त्रींना मिठी मारली. "गैबीभाई, कमाल केलीस. सोताला असं वळखायला लई मोठं काळीज लागतं. मला नसतं जमलं." मग मागं वळून धैर्यशीलला म्हणाले, "आनि तू रं, ती पिशवी अशी धरतात व्हय? दे हिकडं." त्यांनी त्याच्या हातातून पिशवी घेतली आणि ती कशी धरायची ते दाखवत घरापर्यंत स्वतःच नेली. धैर्यशील मागोमाग रिकाम्या हातानं गेला. जाताना तो सोहेलच्या कानाशी काहीतरी बोलला. पुढच्या वर्षीचं नाटक तो लिहिणार आहे, असं नंतर कळलं.

सोमवारी सोहेल पहिल्या गाडीनं गेला. मिस्त्री स्टँडवर गेले नाहीत. गॅरेज उघडायचं आहे, म्हणाले.

मी अकराच्या सुमाराला गॅरेजवरून चाललो होतो. हुपरीकडचा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला होता. इंजिन चालू होतं, पण मध्येच दम लागल्यासारखं करत होतं. मिस्त्री त्यावर वाकले होते. त्यांनी न बघताच हात मागं केला आणि म्हणाले, "सतरा." हात तसाच हवेत राहिला. थोड्या वेळानं तो त्यांनी मागं घेतला, खिशात घातला आणि मोबाईल काढला.

"ऐक," ते फोनवर ओरडले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आणि त्यांनी फोन चालू इंजिनाजवळ धरला. चांगला धरला, डॉक्टरनं नळी छातीला लावावी तसा, इकडून, तिकडून, मग खालून. ट्रॅक्टरवाला पावणा आणि मी बघत राहिलो. मग त्यांनी फोन कानाला लावला.

"काय म्हनतंय?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं. मिस्त्री ऐकत होते. मध्ये बोलत नव्हते, कानात काडीही नव्हती.

"चूक," ते म्हणाले आणि फोन बंद केला.

"काय म्हनला पोरगा?" पावण्यानं विचारलं.

"डिझेलच्या पाइपात हवा शिरलीया म्हनतोय. म्हनं, फिल्टरच्या वरचा नट ढिला आसंल, त्यो आवळा." मिस्त्रींनी सतराचा पाना स्वतः शोधला. त्याला जरा वेळ लागला. "हितं सहा वर्सं ऱ्हायला आनि ह्ये शिकला."

मग ते वाकले आणि फिल्टरच्या वरचा नट आवळला. इंजिन एकदा खोकलं आणि सरळ चालायला लागलं. मिस्त्रींनी पाना त्याच नटावर परत ठेवला, आणखी थोडं पिळायला म्हणून. मग तसाच काढून घेतला आणि डब्यात टाकला.